सव्वापाचच्या आधीची रात्र

७ ऑक्टोबर २०२२, संध्याकाळ
दसरा होऊन दोन दिवस झालेत. घाटंजीहून मुंबईला जायचं तर चाळीसेक किलोमीटरवरचं यवतमाळ गाठायचं आणि तिथून ट्रॅव्हल्स धरायची, ही तालुक्याची नेहमीची रीत. आज यवतमाळहून मुंबईला निघालेल्या अशाच एका स्लीपर बसमध्ये यवतमाळ, वाशिम, बुलढाणा जिल्ह्यांतले प्रवासी आहेत.

रात्र
माणसं क्षमतेपेक्षा जास्त. स्लीपरमध्ये वर-खाली बर्थ आणि मधे जेमतेम एकाला जाता येईल एवढी वाट. त्या वाटेत प्रवासी बसले तरी गाडी अडत नाही; अडतं ते घाईने बाहेर पडणं.

पहाटे ३
आता चालकाचं शरीर झोप मागतं. डुलकी लागायच्या आधीच पाय उशिरा हलू लागतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दीड सेकंद उशीर झाला, की ब्रेक दाबण्याआधीच २५ मीटर संपतात.

पहाटे ५
नाशिक आलं. उजाडायला तासभर आहे. औरंगाबाद रस्त्यावर पुढे मिरची हॉटेल चौक. धुळ्याकडून पुण्याला निघालेला एक ट्रेलरही त्याच चौकाकडे येतोय.

५ वाजून १४ मिनिटं
अशा कुठल्याही चौकाचा हिशेब मांडून पाहा. सोळा मीटरचा ट्रेलर ताशी १० किलोमीटरने वळतो. रस्त्याची रुंदी आणि स्वतःची लांबी धरून त्याला ४० मीटर सरकावं लागतं, म्हणजे १४ सेकंद. तेवढ्यात ताशी ७० ने येणारी बस पावणेतीनशे मीटर पुढे आलेली असते. ट्रेलरवाल्याने वळायला घेतलं तेव्हा त्याला रस्ता मोकळाच दिसतो. बसवाल्याला केबिनचे दिवे पलीकडे गेलेले दिसतात. आडवं पडलेलं मधलं धूड अंधारातच असतं.

५:१५ च्या सुमारास
धडक. बस पेट घेते. १२ जणांचा मृत्यू, चाळीसहून अधिक जखमी.

त्यानंतर
तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे घटनास्थळी येतात, मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर होतात. चौकातली अतिक्रमणं हटतात.

आणि घाटंजीत
दिवाळीच्या आसपास कापूस निघू लागतो. भरलेल्या ट्रॉल्या तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, मागून ट्रक. ट्रॅक्टरने रस्ता ओलांडला म्हणजे ट्रॉलीनेही ओलांडला असं होत नाही. म्हणून ओलांडण्याआधी एकाने बॅटरी घेऊन खाली उतरावं, दोन्हीकडचं पाहावं, मगच ट्रॅक्टर पुढे घ्यावा. ट्रॉलीच्या मागे लाल आणि दोन्ही अंगांना पिवळी चमकपट्टी हवी, तीही लोंबत्या कापसाने झाकली जाणार नाही अशी खाली. हे पट्ट्यांचं काम पहिली वेचणी सुरू होण्याआधी उरकून घ्यावं.