अन्नातील रोगकारक जिवाणूंची रेणवीय तपासणी

अन्नातला घातक जिवाणू डीएनएवरून हुडकणे आणि तो नेमका कोणत्या वाणाचा हे ठरवणे, अशी दोन कामे या तपासणीत येतात. पहिले काम मुख्यतः पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी पद्धत, करते. २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या द्रावणात मिसळून रात्रभर उबेत ठेवतात, म्हणजे मोजके जिवाणूही वाढून नजरेच्या टप्प्यात येतात. मग साल्मोनेलासाठी इनव्ही-ए, शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायसाठी एसटीएक्स अशी ठरावीक जनुके शोधतात. पीसीआरला मेलेल्या जिवाणूचा डीएनएही दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या रात्रीत वाढतात त्या जिवंत पेशीच, त्यामुळे आक्षेपाची धार बरीच कमी होते.

जिवाणू सापडला म्हणजे साथीचा उगम सापडला, असे मात्र मुळीच नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. हॅम्बुर्गमध्ये स्पेनच्या काकड्यांवर शिगा विषाचा ई. कोलाय आढळला आणि ठपका काकड्यांवर आला. रुग्णांमधला वाण ओ१०४:एच४ होता, काकड्यांवरचा वेगळाच. हे काही दिवसांत कळले, पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला होता. घाईने केलेल्या शोधाची किंमत निरपराधांनी मोजली, म्हणूनच वाणनिश्चितीला शोधाची पुरवणी समजणे चूक आहे. पुढे फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तोच वाण निघाला आणि दोन्हीकडचा धागा मोड आणण्यासाठी इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला. मोड आलेल्या कडधान्यांवर संशय वळवला तो उपाहारगृहांतल्या ग्राहकांनी काय खाल्ले याच्या कसून चौकशीने. बियांवर तो वाण शेवटपर्यंत मिळाला नाही. वाण जुळला की दोन रुग्ण जोडले जातात, ताटात काय होते ते माणसांनाच विचारावे लागते.

वाण ओळखण्यासाठी अमेरिकेच्या पल्सनेट जाळ्याने १९९६ पासून डीएनएचे विकराने तुकडे करून जेलवर उमटणाऱ्या पट्ट्या जुळवल्या. २०१९ मध्ये त्याऐवजी संपूर्ण जनुकसंचाचे वाचन आले. पट्ट्या सारख्या दिसणारे वाणही त्यामुळे वेगळे ओळखता येतात. डीएनएच्या किती अक्षरांचा फरक असला तर वाण एकच मानायचा, याची सर्व जिवाणूंना लागू पडणारी रेषा नाही, म्हणून निष्कर्ष रुग्णांच्या माहितीशी ताडूनच काढावा लागतो. आता इस्पितळे झटपट पीसीआरवर भागवून संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणे, टाळू लागली आहेत. रुग्णाला उत्तर लवकर मिळते हे खरे, पण वाचनासाठी जिवाणूच हाती उरत नाही. सकारात्मक नमुन्याचे संवर्धन म्हणूनच सक्तीचे हवे.