मद्याचे गाव

चांगल्या वाईनची बाटली कशी निवडावी, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांपुढे ठेवला तर तो उपरा वाटण्याचा संभव आहे. ज्यांनी ‘एकच प्याला’ वर्षानुवर्षे वर्गात शिकवला, त्यांच्यापुढे प्याला घ्यावा की न घ्यावा एवढाच प्रश्न असतो. कोणता घ्यावा, हा नसतो. परंतु आम्ही ज्या भिवंडीत अध्यापन करतो, त्या परिसराचा इतिहास पाहिला तर निवडीचा हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना असल्याचे दिसते. जाणकारांनी त्याचे उत्तरही बहुधा एकच दिले आहे: पेय कोठले आहे, ते आधी विचारावे. हे उत्तर कोणत्या पेयांच्या वाट्याला आले आणि कोणत्या पेयांकडून काढून घेतले गेले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचे वर्णन इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. भडोच बंदरात खपणाऱ्या मालाची यादी देताना तो मद्याचा उल्लेख करतो आणि लगेच पसंतीही नोंदवतो: मागणी मुख्यतः इटलीच्या मद्याला, शिवाय लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी आणावयाच्या वस्तूंत उंची मद्य निराळे सांगितले आहे. याच ग्रंथात आमच्या खाडीपलीकडचे कल्याणही येते. पूर्वी तेथे व्यापार रीतसर चाले. पुढे सत्ता पालटली, बंदरावर निर्बंध आले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. म्हणजे कोणते पेय कोणाच्या दारी उतरावे, हे केवळ रुचीवर ठरत नव्हते. राज्यकर्त्याच्या आज्ञेवरही ठरत होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

संस्कृत परंपरेलाही मद्याचे गाव विचारण्याची सवय होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार येतात. यांपैकी मधु म्हणजे द्राक्षांच्या रसाचे मद्य. इतरांच्या बाबतीत कौटिल्य कोणते घटक किती घ्यावेत ते सांगतो. मधूच्या बाबतीत मात्र कापिशायन आणि हारहूरक ही देशावरून पडलेली नावे पुरेशी मानतो. कापिशी हे आजच्या अफगाणिस्तानातील नगर. त्याच्या नावापासून शब्द कसा साधावा, यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले. कालिदासाने तर रघूच्या दिग्विजयात पेयांचा जणू नकाशाच काढला आहे. कलिंगात रघूचे योद्धे नारळाचे आसव पितात, तर पारसिकांच्या प्रदेशात द्राक्षवेलींच्या मांडवाखाली द्राक्षांचे मद्य. आमच्या मते येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कालिदास या दोहोंत उच्चनीचता मानत नाही. नारळाचे आसव हे द्राक्षमद्याइतकेच आपापल्या भूमीचे आहे.

गाव ओळखण्याचे काम पुढे पुरातत्त्वज्ञांकडे आले. घारापुरी, नेवासे अशा स्थळी मद्य व तेल वाहून नेणाऱ्या परदेशी कुंभांची खापरे सापडली. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. कुंभात काय होते हे काळाच्या ओघात नाहीसे झाले, तरी कुंभाची माती बोलते. व्हेसुव्हियसच्या परिसरातील कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या रेतीचे काळे कण दिसतात. त्यावरून तो माल इटलीच्या काम्पानिया प्रांतातून आल्याचे कळते. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातील संग्रह नव्याने तपासले, तेव्हा आधी रोमन समजली गेलेली बरीच खापरे मेसोपोटेमियाकडील, आतून डांबराचा लेप दिलेल्या कुंभांची निघाली. रोमचे नाव इतके मोठे होते की विद्वानांनीही दुसऱ्याचा माल त्याच्या नावावर मांडला होता.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. भिवंडी हा ठाणे जिल्ह्याचा तालुका. ताड, शिंदी आणि मोह ही या जिल्ह्याची झाडे. किनाऱ्याकडे ताडी, जंगलपट्टीत मोहाची दारू. वारली, कातकरी, कोळी अशा समाजांत लग्नकार्य, देवकार्य आणि श्राद्ध यांत तिचे स्थान ठरलेले होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे सारे महसुलाच्या चौकटीत आणले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत गाळावे, त्यावर कर घ्यावा आणि परवान्याच्या दुकानांतून ते विकावे, अशी ही पद्धत होती. ठाणे आणि कुलाब्याकडील भट्ट्या उरणला एकवटल्या. ताडीच्या झाडांवर झाडागणिक कर बसला. तरीही मोहाची फुले घरात येतच होती. म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा करण्यात आला आणि दारू तर सोडाच, फूल बाळगण्यावरही बंधने आली. आपल्या अंगणातील झाडाचे पेय करणारा माणूस गुन्हेगार ठरला आणि तेच पेय दुकानात विकत घेणारा ठरला गिऱ्हाईक.

या व्यवस्थेने भाषेतही बदल केला. अबकारीच्या दप्तरात दोनच जाती उरल्या, देशी आणि विदेशी. मोह कोणत्या रानाचा, ताडी कोणत्या बनातली, हे विचारण्याचे कारण उरले नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, ते याच काळाचे अपत्य आहे. सुधाकराच्या हातातील प्याला कोठला, असा प्रश्न तेथे प्रेक्षकाला पडत नाही. नाटककाराच्या दृष्टीने तो पडूही नये, कारण त्याला पहिल्या घोटाची शोकांतिका दाखवावयाची आहे. सुधारकाची करुणा आणि सरकारचा महसूल यांचे हेतू परस्परविरोधी होते. तरीही दोघांच्या लेखी सगळी पेये मिळून ‘दारू’ हा एकच शब्द झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच कायद्याखाली आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यास परवाना लागतो.

गावाचे नाव बाटलीवर परत आले ते द्राक्षांच्या वाटेने. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ वाईनचा कारखाना उभारला. कल्याणहून नाणेघाट चढून ज्या जुन्नरला जाता येते, त्या जुन्नरचाच हा तालुका. तेथील लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. २००० मध्ये राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन नाशिकहून बाजारात आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. आज नाशिकची वाईन कसारा घाट उतरून भिवंडीवरूनच मुंबईकडे जाते. ती निवडणाऱ्याने बाटलीवर द्राक्षाचा वाण, हंगामाचे वर्ष आणि गाव या तीन गोष्टी वाचाव्यात. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होऊन पीक मात्र एकदाच, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये घेतले जाते; बाटलीवरचे वर्ष त्या तोडणीचे असते. शेनिन ब्लाँसारखी बहुतेक पांढरी वाईन ताजीच चांगली. उन्हाने तापलेल्या दुकानातील जुनी बाटली, नाव कितीही मोठे असले, तरी घेऊ नये.

परंतु महाराष्ट्रात बाटलीची आणखी एक निवड आहे. गावातील वा वॉर्डातील दारूचे दुकान बंद व्हावे की राहावे यासाठी मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. असंख्य स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आहे, आणि ज्यांनी घर उद्ध्वस्त होताना पाहिले त्यांच्यापुढे वाण आणि वर्ष यांची चर्चा करणे निर्दयपणाचे होईल. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा उसळलेल्या वादात एक बाजू द्राक्षबागायतदाराचे नाव घेत होती, दुसरी या स्त्रियांचे. मोहाचे नाव कोणी फारसे घेतले नाही.

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळवून दिले. महाराष्ट्रात मोहफुले वेचण्या-बाळगण्यावरील निर्बंध उठवण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. १८९२ पासून मोजल्यास मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. द्राक्षाला गावाचे नाव मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र चांगली बाटली कोणती, या प्रश्नाचे उत्तर देताना ज्या पेयाच्या नशिबी बाटलीच आली नाही, त्याचाही हिशेब मांडावा लागतो. ‘एकच प्याला’ शिकवताना सुधाकराच्या अधःपाताबरोबर त्याच काळातल्या मोहाच्या कायद्याचीही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी, असे आम्हांस वाटते.