पिंपरीचे पेनिसिलिन आणि छापील किंमत

ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. त्यांत बेंझिल पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही जुनी इंजेक्शने होती. किमतींना लगाम घालण्यासाठी नेमलेल्या संस्थेनेच त्या वाढवाव्यात, याचे कारण शोधायचे तर पिंपरीपर्यंत मागे जावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्ट्रेप्टोमायसिन नंतर आले. म्हणजे सरकारने आधी औषध बनवले. किमतीला हात घातला तो चीन युद्धानंतर, १९६३ च्या आदेशाने. १९७० मध्ये हे नियंत्रण जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आले आणि १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे त्याच्या कक्षेत घेतली. १९७० च्याच पेटंट कायद्याने औषधावरचे पेटंट काढून केवळ प्रक्रियेपुरते ठेवले. देशात औषधे स्वस्त झाली, त्याचे श्रेय या दोन्हींना द्यावेच लागते.

पण नियंत्रित औषधात नफा बेताचा. कंपन्या यादीबाहेरच्या औषधांकडे आणि मिश्रणांकडे वळल्या. पुढे आयात खुली झाली, चीनचे स्वस्त पेनिसिलिन आले आणि देशी कारखाने थंडावले. १९९७ मध्ये पिंपरीची कंपनी आजारी ठरली. दोष एकट्या किंमत नियंत्रणाचा नव्हता. पण आता कच्च्या मालाचा भाव परदेशात ठरू लागला आणि विक्रीची मर्यादा दिल्लीत. दोन्हींच्या मध्ये सापडलेला उत्पादक अशा औषधातून अंग काढून घेतो. २०२४ ची दरवाढ हे थांबवण्यासाठीच होती.

याची झळ कोणाला लागते? ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलाला पेनिसिलिनच्याच एका प्रकाराचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. कुपीच मिळाली नाही, तर तिच्यावर किती कमी किंमत छापली होती याला त्या घरी काही अर्थ उरत नाही.

२०२० मध्ये सरकारने पेनिसिलिन पुन्हा देशात बनवण्यासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. पिंपरीत जे १९५५ लाच साधले होते, त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले. किंमत बांधणे आवश्यकच आहे. पण औषध बनवणारे हात टिकवले, तरच त्या किमतीला औषध मिळते.