मूळ कंपनीचे उत्तरदायित्व : भोपाळ ते पॅरिस

भोपाळची आठवण निघाली की चर्चा बहुधा २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीपाशी थांबते. मला मात्र त्यानंतरचा न्यूयॉर्कमधील खटला अधिक अस्वस्थ करतो. परदेशात व्यवसाय करणाऱ्या कंपनीमुळे तेथील माणसे मेली, तर तिला जाब कोणत्या देशाने विचारायचा, हा प्रश्न तेथे भारत सरकारनेच उभा केला होता.

मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व वायुपीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला. एप्रिलमध्ये सरकारने युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीवर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला. भोपाळचा कारखाना चालविणाऱ्या भारतीय उपकंपनीत तिचा ५०.९ टक्के वाटा होता. मग मोठे विलक्षण दृश्य दिसले. आपले सरकार परक्या न्यायालयात सांगू लागले, की एवढ्या प्रचंड दाव्याला आमची न्यायव्यवस्था पुरी पडणार नाही. आणि कंपनी म्हणू लागली, की भारतीय न्यायालये पूर्ण समर्थ आहेत! कंपनीच्या बाजूने शपथपत्र देणाऱ्यांत नानी पालखीवाला होते.

मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी प्रकरण भारताकडे धाडले. ते अमेरिकेतच ठेवणे हा साम्राज्यवादाचा आणखी एक नमुना ठरेल, असे त्यांचे म्हणणे. आपल्या न्यायालयांचा हा गौरव कंपनीच्या किती सोयीचा होता! १९८९ मध्ये तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर. सरकारची मागणी ३०० कोटींहून अधिक होती. फौजदारी खटल्यात मूळ कंपनी आणि तिचे अध्यक्ष वॉरन अँडरसन हजरच झाले नाहीत; १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांना फरार घोषित केले. २०१० मध्ये प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना.

कंपनीच्या मायदेशानेच कायदा करून ही पळवाट बुजवावी, हा विचार फ्रान्समध्ये प्रत्यक्षात आला तो २०१७ साली. त्यामागे ढाक्याजवळील राणा प्लाझा इमारत होती. एप्रिल २०१३ मध्ये ती कोसळून युरोपच्या बाजारासाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक लोक मेले होते. फ्रान्समधील बड्या कंपन्यांनी उपकंपन्या व पुरवठादारांकडील मानवाधिकारांच्या धोक्यांची दक्षता-योजना आखून ती अमलात आणावी, अन्यथा नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यावर चालेल, असे हा कायदा सांगतो. दंडाची तरतूद मात्र घटना परिषदेने रद्द केली आणि पुराव्याचे ओझे पीडितावरच राहिले. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईने पॅरिसच्या मुख्यालयातील कागद कोठून आणावेत? जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या निर्देशाची अंमलबजावणी मात्र वर्षभरातच, उद्योगांवरील बोजाचे कारण देत, पुढे ढकलली गेली.

आता भारतीय कंपन्यांच्याही खाणी, कारखाने आणि शेतजमिनी परदेशात आहेत. २०१९ मध्ये आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांकडून त्यानुसार वार्षिक अहवाल घेण्यास आरंभ केला. पण परदेशातील पीडिताला भारतीय मूळ कंपनीविरुद्ध येथे दाद मागता यावी, असा फ्रान्ससारखा स्वतंत्र कायदा आपण केलेला नाही. १९८५ मध्ये आपण अमेरिकेकडे जे मागत होतो, ते उद्या आफ्रिकेतील एखाद्या सरकारने दिल्लीत येऊन मागितले, तर आपले वकील बहुधा कीनन यांचाच निकाल वाचून दाखवतील.