रान कोणाचें?

शिकार म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें वाघ व बंदूक उभीं राहतात. आमच्या मतें तिचा खरा इतिहास जमिनीच्या हक्कांत दडलेला आहे. इंग्लंडांत ससा वा तित्तिर मारण्याचा अधिकार फार काळ बड्या जमीनदारांनाच असे. १८३१ च्या कायद्यानें परवाना घेणाऱ्या कोणासही तो मिळाला; तथापि पाऊल टाकावयाचें तें जमीनमालकाच्या अनुज्ञेनेंच.

आमच्याकडे सरकारच रानाचें मालक झालें. १८७८ सालीं दोन कायदे आले. जंगलच्या कायद्यानें राखीव रानांत नियमांविरुद्ध शिकार करणें, मासे धरणें, फास लावणें हे गुन्हे ठरले. हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसास बंदुकीसाठीं परवाना आवश्यक झाला. युरोपियनांस मात्र सूट मिळाली. एकानें वाट अडविली, दुसऱ्यानें हात बांधले. जंगलखात्याच्या जाचानें शेतकरी कसा नाडला जातो, हें पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत मांडलें. फासेपारध्याचें तर सारें पोटच रानावर. त्याच्यावर पुढें गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला.

१९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार सर्वांनाच बंद झाली. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्यांत आज चिंकारे चरतात, हें उचितच झालें. परंतु एकाच निषेधानें धनिकाची करमणूक गेली, आणि पारध्याची भाकरी. रान राखणें हें पुण्य खरें. तें ज्याच्या भाकरीवर राखलें, त्याचें देणें अद्याप फिटलेलें नाहीं.