उन्हाळा सरताना : फ्रान्सच्या खेड्यांतील पाहुणघरांचा इतिहास

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सुट्टीसाठी आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळणाऱ्या घराला ‘झीत’ म्हणतात. ससा ज्या जागी दबून बसतो त्या जागेलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द असून, पडून राहणे या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदापासून तो आलेला आहे. म्हणजे पाठ टेकण्यापुरता आसरा एवढाच त्याचा मूळ अर्थ. या आसऱ्याची पुढे नोंदणी, प्रतवारी आणि अनुदान असलेली व्यवस्था झाली ती शेतकऱ्याला गावात टिकवण्यासाठी. म्हणूनच तिचा इतिहास पाहुण्यांच्या गर्दीपेक्षा उन्हाळा सरताना, पाहुणे निघून गेल्यावर शेताकडे काय उरते, यावरून अधिक स्पष्ट होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हवापालटासाठी बाहेर पडणे ही मुख्यतः सधनांची चैन होती. १९३६ च्या जूनमध्ये लेओं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने सर्व कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला, आणि क्रीडा व विरंगुळा ही खाती सांभाळणारे लेओ लाग्रांज यांनी त्याच उन्हाळ्यासाठी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. हाती रजा आणि तिकीट आले, तरी हॉटेलचा खर्च पेलणारा नसल्याने अनेक कामगार कुटुंबे कोकणातल्या चाकरमान्यांप्रमाणे गावाकडच्या नातेवाइकांच्या घरी जाऊन राहिली. ज्यांना गावच उरले नव्हते त्यांची सोय मात्र व्हायची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडूनही पुढे आला. भूगोलाचे अभ्यासक झाँ-फ्रांस्वा ग्राव्हिए यांनी १९४७ साली ‘पॅरिस आणि फ्रेंच वाळवंट’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहून, राजधानी फुगत असताना उरलेला देश कसा ओस पडत आहे याकडे लक्ष वेधले. आग्नेयेकडील डोंगराळ बास-आल्प जिल्ह्यात, म्हणजे आजच्या आल्प-द-ओत-प्रोव्हांसमध्ये, कोसळत चाललेली दगडी घरे हे या ओसाडीचे उघड लक्षण होते. तेथील सिनेटर एमिल ओबेर यांनी या दोन अडचणींची सांगड घातली : रिकाम्या घरांची डागडुजी सार्वजनिक मदतीतून करावी, ती बेताच्या मिळकतीच्या शहरी कुटुंबांना उन्हाळ्यात भाड्याने द्यावीत आणि त्या भाड्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नाला हातभार लावावा. अशा पद्धतीचे पहिले घर त्याच जिल्ह्यात १९५१ मध्ये खुले झाले, आणि १९५५ मध्ये या घरांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा त्यांची संख्या १४६ होती. पुढे प्रतवारी ठरवताना या महासंघाने हॉटेलांच्या ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या हे चिन्ह निवडले, यातून या कल्पनेचे शेतीशी असलेले नाते सूचित होते.

रजा वाढत गेली तसा हा जोडधंदाही विस्तारला. भरपगारी रजेचा तिसरा आठवडा १९५६ मध्ये, चौथा १९६९ मध्ये आणि पाचवा १९८२ मध्ये मिळाला. घरे शनिवार ते शनिवार या बोलीने दिली जात असल्याने, आणि सुट्टीवर जाणाऱ्यांचे ‘जुलैवाले’ व ‘ऑगस्टवाले’ असे दोन वर्ग पडल्याने, ज्या शनिवारी एक लोंढा परतायचा त्याच शनिवारी दुसरा निघायचा. २ ऑगस्ट १९७५ रोजी रस्त्यांवर एकूण सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या रांगा लागल्या, आणि पुढच्याच वर्षी सरकारने वाहनचालकांना गर्दीचे दिवस व पर्यायी मार्ग सांगणारी सेवा सुरू केली. यजमानाच्या घरी मात्र त्याच शनिवारी सकाळी निघणाऱ्यांनी सोडलेल्या घराची पाहणी, दुपारी चादरी बदलणे व फरशी पुसणे आणि संध्याकाळी येणाऱ्यांचे स्वागत एवढी कामे उरकावी लागत.

हंगामाचा शेवटही मुळात शेतीनेच ठरवलेला होता. एके काळी शाळांची मोठी सुट्टी सप्टेंबरअखेरपर्यंत चाले, आणि द्राक्षकाढणीला मुलांचे हात मिळावेत हे तिचे एक कारण होते. १९५९ मध्ये ही सुट्टी अलीकडे ओढून जुलैच्या आरंभापासून सुरू करण्यात आली. सुट्टी संपून शाळा आणि कचेऱ्या पुन्हा गजबजण्याच्या काळाला फ्रेंच लोक ‘रांत्रे’ म्हणजे ‘पुनःप्रवेश’ म्हणतात. पाहुणे रांत्रेसाठी शहरात परतत आणि द्राक्षमळ्यांच्या मुलखातील यजमान कात्री-टोपली घेऊन मळ्यात उतरे, त्यामुळे एक मिळकत संपताच दुसरी सुरू होई.

तापलेल्या उन्हाळ्यांनी ही घडी विस्कटली. बर्गंडीतील बोन या गावच्या द्राक्षकाढणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध असून, १९८७ पर्यंत काढणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होई, तर १९८८ नंतर ती सुमारे १३ दिवस आधी येऊ लागली. २००३ च्या ऑगस्टमध्ये देशात उष्णतेने सुमारे १५,००० माणसे दगावली आणि दक्षिणेत ४४.१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या वर्षी बर्गंडीत काढणी ऑगस्टमध्येच, म्हणजे पाहुण्यांच्या भर हंगामात, सुरू झाली. पुढेही उन्हाळे तापतच राहिले : २८ जून २०१९ रोजी दक्षिणेतील व्हेरार्ग येथे पारा ४६ अंशांवर गेला.

वेळेपाठोपाठ पाण्याचीही ओढाताण सुरू झाली. उकाड्यामुळे पाहुणा पोहण्याचा तलाव असलेले घर शोधतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत प्रीफे, म्हणजे केंद्र सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी, दुष्काळाचे आदेश काढून तलाव भरण्यावर आणि सिंचनावर निर्बंध घालतो. २०२२ च्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक गावांच्या नळांना पिण्याचे पाणी राहिले नव्हते. शेतीला आधार म्हणून आणलेला जोडधंदा अशा रीतीने टंचाईच्या काळात त्याच शेतीचा पाण्यातला वाटेकरी ठरला. प्रोव्हांसमधील फायांस परिसरातील नऊ गावांनी २०२३ च्या आरंभी यावर निर्णय घेतला : पाणी पुरत नसल्याने नव्या घरांना सुमारे पाच वर्षे बांधकाम परवाने द्यायचे नाहीत.