कोयली : मही आणि विश्वामित्री यांच्या मधला गाव

बडोदे नगरीच्या वायव्येस सुमारे तीन कोसांवर कोयली हा गाव आहे. त्याच्या एका अंगास पावागडावरून उतरून नगरीतून वाहणारी विश्वामित्री, तर दुसऱ्या अंगास मही. या दोन नद्यांमधील सपाट भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या शेती होत आली. आज मात्र कोयलीचे नाव उच्चारताच शेताऐवजी खनिज तेलाचे स्मरण होते. हा पालट कसा झाला, हे भाविक वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा हेतू आहे.

प्रारंभ जुन्या लेखापासून करू. शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ मध्ये, लाटदेशाच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्कराज याने एका ब्राह्मणास वटपद्रक नावाचा गाव दान दिला. तो ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात हा गाव अंकोट्टक नामक चौऱ्याऐंशी गावांच्या समूहातील असल्याचे म्हटले असून त्याच्या चतुःसीमाही नोंदविल्या आहेत. वटपद्रक म्हणजेच आपले बडोदे, व अंकोट्टक म्हणजे आजचे अकोटा. त्या काळी अंकोट्टक मुख्य स्थान होते आणि वटपद्रक त्याच्या शेजारचा एक गाव होता. आज अकोटा हा बडोद्याचा एक भाग आहे. थोर कोण व उपनगर कोण, हे काळच ठरवितो.

पुढे इ. स. १७३४ मध्ये दमाजीराव गायकवाडांनी बडोदे पुन्हा हस्तगत केले व तेथे मराठी राज्य स्थिरावले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१५ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू होऊन संस्कृत विद्येचे ऋण आम्हां पाठशाळेतील लोकांवर कायमचे राहिले. १ मे १९४९ रोजी हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निर्माण झाले.

त्याच सुमारास भूमीने आपले पोट उघडले. १९५८ साली खंबायतेजवळ व १९६० साली अंकलेश्वर येथे तेल सापडले. ते शुद्ध करण्यासाठी सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने कारखाना उभारण्याचा करार १९६१ मध्ये झाला, आणि त्यासाठी कोयलीची निवड झाली. जवळच बाजवा येथे लोहमार्ग होता, महीचे पाणी होते. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, ऑक्टोबर १९६५ मध्ये पहिला विभाग चालू झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी कारखाना राष्ट्रास अर्पण केला. आरंभी वर्षाला वीस लक्ष टन तेल शुद्ध करण्याची योजना होती. पुढे ती क्षमता १३७ लक्ष टनांवर गेली. आसपास खतांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले. सहस्रावधी कुटुंबांच्या चुली त्यांवर पेटल्या, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

परंतु दुसरी बाजूही सांगणे धर्म्य होय. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी येथील कारखान्यात टाकीस आग लागून दोन कामगार मृत्युमुखी पडले. पाण्याचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून दूर नेण्यासाठी १९८३ पासून सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा पाट वाहतो. तो महीच्या मुखाकडे, खंबायतच्या आखातापाशी जातो. स्कंदपुराणाच्या कुमारिकाखंडात ज्या महीसागरसंगमाचे माहात्म्य वर्णिले आहे, तोच हा प्रदेश. ज्या जलात स्नान करून पूर्वजांनी पुण्य मानले, त्याच जलाकडे आपल्या सोयीचे शेष आपण पाठवितो, हा विचार मनास अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

यावर कारखाने नकोत असे म्हणणे सोपे आहे. पण दिवा व वाहन त्याच तेलावर चालविणाऱ्यास ते शोभत नाही. शोभते ते एवढेच, की जे घेतले त्याचे ऋण मानावे आणि नदीला परत देताना निर्मळ द्यावे. ताम्रपटातील दात्याने भूमी देताना तिच्या सीमा स्पष्ट लिहून ठेवल्या. कोयलीच्या सीमा आता नगरीत मिसळत आहेत; आपल्या उपभोगाच्या सीमा तरी आपणच आखल्या पाहिजेत. तीर्थ राखणे हेही तीर्थयात्रेइतकेच पुण्यकर्म होय.